करवतीच्या मागच्या बाजूला

बँडसॉ विकायला आहे, ही बातमी मला मानवतच्या लाकडाच्या वखारीत कळली. मी आंब्याच्या फळीचे दोन जाड तुकडे घ्यायला गेले होते. वखारीचे मालक माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे सासरे. ते मला बाई म्हणतात आणि लाकूड निवडताना मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र माझ्या मनगटावरचा पट्टा बघून म्हणाले, "बाई, हातानं किती दिवस गोल कापायलात? राणीसावरगावला एका मिस्त्रीची पट्ट्याची मशीन इकायची हाय. जुनी हाय, पण ओतीव बिडाची चाकं हायत. एकदा बघून तरी या."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुकडे पिशवीत घातले आणि घरी आले.

मी पोळपाट करते. शाळेतून निवृत्त झालेली बाई पोळपाट करते म्हटल्यावर लोकांना वाटतं मी विकत आणून रंगवत असेन. तसं नाही. फळीवर गोल आखते, करवतीनं कोपरे छाटते, छाटलेल्याचेही कोपरे छाटते, आणि मग कानशीनं घासत घासत गोल आणते. एका पोळपाटाला दोन दिवस लागतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझं उजवं मनगट सुजतं. बँडसॉवर हेच काम चहा निवेपर्यंत होतं. दोन मोठी चाकं असतात, एक वर, एक खाली. त्यांच्यावरून दातेरी पोलादी पट्टा फिरतो. मधल्या टेबलावर लाकूड ठेवून पट्ट्यावर ढकलायचं. जसं वळवाल तसं कापत जातं.

हे सगळं मला भावामुळे माहीत. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वहिनी गेली. तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या घराची घडी बसवून द्यायला म्हणून मानवतला आले. दोन महिन्यांसाठी आले होते. मग बदली मागून घेतली, ती मिळाली. माझं लग्न जमत नव्हतं, पुढे ते जमवायचंच राहून गेलं. बहीणभाऊ असे आम्ही त्या घरात सव्वीस वर्षं राहिलो.

घरामागे त्यानं पत्र्याचं शेड घातलं होतं. कारखान्यातून आला की तोंड धुऊन तो तिकडे जायचा. दिवसभर लोखंडात हात घातल्यावर त्याला लाकूड लागायचं. पाट, चौरंग, मांडण्या, कुणाच्या खाटेचे पाय. त्याच्याकडे लहान गोल करवतीचं टेबल होतं. लांब फळी चिरायची असली की तो मला हाक मारायचा. तो समोरून फळी ढकलायचा, मी मागच्या बाजूला उभी राहून चिरलेली फळी हातात घ्यायची. ओढायची नाही, दाबायची नाही, फक्त पेलायची. करवतीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे. तो लाकडाकडे बघायचा आणि अधूनमधून माझ्या तोंडाकडे. माझं लक्ष दुसरीकडे गेलं, शाळेतलं काही मनात आलं, की त्याला कसं कोण जाणे कळायचं. हात थांबायचे. मी भानावर आले की पुन्हा फळी पुढे सरकायची.

तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत तो गेला. माणसं आली, तेरा दिवस घर भरलेलं होतं. नंतर ज्याचा तो आपापल्या कामाला लागला, ते बरोबरच होतं. पण एक गोष्ट मला तेव्हा समजली. नवरा गेला की लोक त्या बाईची वर्षभर तरी चौकशी करतात. भाऊ गेलेल्या बहिणीची कुणी करत नाही. तिला आपलं घर असेल, आपली माणसं असतील असं धरून चालतात. माझं घर तेच होतं आणि माणूस तोच होता, हे कुणाला सांगत बसणार?

शेडला मी वर्षभर कुलूप लावून ठेवलं. उघडलं ते वाळवीमुळे. भिंतीला मातीची रेघ दिसली म्हणून आतलं लाकूड हलवायला गेले. एका फळीला थोडं लागलं होतं. तेवढं काढून टाकावं म्हणून रंधा घेतला. त्याला मी हजारदा बघितलं होतं, पण स्वतः कधी चालवला नव्हता. पहिल्यांदा तो अडकला, दुसऱ्यांदा अडकला, आणि मग अचानक एक लांब पातळ साल निघून पायाशी पडली. त्या दिवशी जेवणाची वेळ टळून गेली तरी मला भान नव्हतं. तिथून हे सुरू झालं. गोल करवत मात्र मी वापरत नाही. ती कधी लाकूड उलटं फेकेल याची मला भीती वाटते. ते टेबल मी झाकून ठेवलंय.

तर मशीन घ्यावं की नाही. पंधरा दिवस मी हा विचार करत होते. शिक्षिका असल्यामुळे आधी रीतसर चौकशी केली. वायरमनला बोलावून मीटर दाखवलं. तो म्हणाला, मोटर सिंगल फेजची असेल तर चालेल. शेडचा दरवाजा टेपनं मोजला. फरशीवर खडूनं चौकोन आखून मशीन कुठं बसेल ते पाहिलं. दोन दिवस त्या चौकोनाला वळसा घालून चालले.

एवढं झाल्यावर विचारायचं कुणाला, हा प्रश्न आला. आजवर असा प्रश्न पडलाच नव्हता. साधं शिलाई मशीन घ्यायचं झालं तरी रात्रीच्या जेवणात आम्ही दोघं त्यावर आठ दिवस बोलायचो. दादा मुद्दाम उलट बाजू घ्यायचा. मी हो म्हटलं की तो नाही म्हणायचा, म्हणजे माझं मलाच नीट कळावं. नांदेडच्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिच्याकडे पाहुणे होते. ती म्हणाली, "ताई, या वयात कशाला मशीनबिशीन? हात तुटला म्हणजे?" आणि मग लगेच, "तुला वाटत असेल तर घे बाई, तुला कोण अडवणार?" ती प्रेमानंच बोलली. फोन ठेवल्यावर तिचं शेवटचं वाक्य मात्र मला दिवसभर टोचत राहिलं. खरंच, मला अडवणारं कुणी नव्हतं.

शेवटी एका सोमवारी सकाळी निघाले. पिशवीत पाण्याची बाटली, दोन पोळ्या आणि दादाचा लांब स्क्रू ड्रायव्हर. मानवतहून परभणी, तिथून गंगाखेड, गंगाखेडला दुसरी बस. दिवाळी होऊन महिना झाला होता. राणीसावरगावला उतरले तर निम्म्या घरांना कुलपं. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या होत्या. ओट्यावर म्हातारी माणसं ऊन खात बसलेली. मिस्त्रीचं घर विचारलं तर एका आजीनं हातानंच दाखवलं आणि म्हणाली, "आवाज आला असता तर इचारावं लागलं नसतं. आता बंद हाय त्याचं."

मिस्त्री सत्तरीचे असतील. उंच, वाकलेले, कानामागे पेन्सिल. काम बंद करून चार महिने झाले तरी पेन्सिल होतीच. मी मशीन बघायला आले म्हटल्यावर त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"कोण येयचंय अजून?"

"कुणी नाही. मीच."

"मंजी चालवणार कोण?"

"मीच."

त्यांनी खाट टाकली, आत वळून म्हणाले, "अगं, मास्तरीणबाई आल्यात. च्या ठेव." मी शिक्षिका असल्याचं सांगितलं नव्हतं. बोलण्यावरून कळलं असावं.

मशीन अंगणातल्या छपराखाली, जुन्या सतरंजीत गुंडाळलेलं होतं. सतरंजी काढली तेव्हा मला ते अपेक्षेपेक्षा मोठं वाटलं. माझ्या डोक्याच्या वर हातभर. हिरवा रंग बराच उडालेला, पण टेबल आरशासारखं घासून तेल लावून ठेवलेलं. गंज कुठेच नाही.

"बंद पडली म्हणून इकायलो न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आत्ता लाइट न्हाई. बाराला येती. तवर थांबा, चालवून दावतो."

थांबले. त्यांची बायको चहा घेऊन आली. दोन्ही हातांनी बशी धरली होती तरी कप वाजत होता. अर्धा चहा बशीत आला होता. मी उठून कप घेतला.

"राहू द्या हो," ती हसली. "माझे हातच असे झालेत. डॉक्टर म्हणतो कंप हाय, गोळ्या खा. खायलेय."

मिस्त्री पलीकडे बघत म्हणाले, "पस्तीस वर्षं मागं हीच उभी राह्यची. म्या ढकलायचं, हिनं धरायचं. कितीबी लांब फळी असू द्या, कधी वाकडी झाली न्हाई. आता हात थरथरायलेत. मागच्या आषाढात पट्ट्याच्या लय जवळ गेला हात. तवाच बंद केली."

"दुसरं कुणी?" मी विचारलं.

"लेक पुण्यात हाय, फर्निचरच्या कारखान्यात. गावात कोण हाय? जे हायत ते सहा महिने कारखान्यावर. आन दुसऱ्याला मागं उभं करून मला जमायचं न्हाई. मला तिचं तोंड बघून कळायचं."

मी चहा पीत होते. बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतून घेतला.

बायको माझ्याजवळ खाटेवर बसली. म्हणाली, "तुमी कुठं शिकल्या हे?"

"भावाकडं. पण मी मागंच उभी असायचे. तुमच्यासारखी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. माझे हात हातात घेऊन तळवे उलटे करून बघितले, जसं कुणी बांगड्यांचं माप घेताना बघतं. मग म्हणाली, "भुसा डोळ्यात जायचा न्हाई का तुमच्या?"

"जायचा. मी पदर लावायचे."

"मी बी!" ती एकदम मोठ्यानं हसली. "ह्यांला वाटायचं, मी रुसले म्हणून तोंड झाकायलेय."

बारा वाजून गेल्यावर लाइट आली. मिस्त्रींनी बटण दाबलं. आधी घरघर, मग सूं असा एकसारखा आवाज. मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. मिस्त्रींनी कव्हर उघडून दाखवलं तिथं, बेअरिंगच्या घरावर त्याचं टोक टेकवलं आणि मुठीला कान लावला. दादा असाच जिनिंगच्या मशीनचं ऐकायचा. बेअरिंग खराब असेल तर आत खडे फिरल्यासारखं वाजतं. वरच्या चाकाचं ऐकलं, खालच्याचं ऐकलं. स्वच्छ होतं. मशीन बंद करायला सांगून चाकांवरचं रबर बोटानं चाचपलं. एके ठिकाणी थोडं उकललं होतं, तेवढंच.

"डॉक्टरीणच हाय की," मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

त्यांनी कडेची एक कडुलिंबाची फळी आणली. चांगली पाच फूट होती. टेबलावर तिचं टोक ठेवलं आणि मशीन सुरू केलं. मी चालत गेले आणि मागच्या बाजूला उभी राहिले. पदर तोंडावर घेतला, हात पुढे केले. ते पायांनीच केलं, मी काही ठरवलं नव्हतं.

मिस्त्रींनी मशीन बंद केलं. "बाई, तुमाला चालवायचंय ना? मग इकडं या."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. समोर आले. फळी दोन्ही हातांनी धरली. मग मागे कोण, असा प्रश्न आला, तेवढ्यात मिस्त्रींची बायको खाटेवरून उठून तिथं जाऊन उभी राहिली. मिस्त्री म्हणाले, "नको." ती म्हणाली, "एकदाच. लांबून धरते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

मी फळी ढकलायला लागले. पट्टा लाकडात शिरला. गोल करवतीसारखा हिसका नाही, धमकी नाही. कणीक मळताना हाताला जाणवते तशी नुसती एक सततची ओढ. भुसा खाली पडत होता. अर्ध्यापर्यंत सगळा भार माझ्या मनगटांवर होता. मग एका क्षणी तो हलका झाला. पलीकडे तिनं फळी पेलली होती. तिच्या हातांचा कंप लाकडातून माझ्या हातांपर्यंत येत होता, बारीक, थांबून थांबून. मी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं पदर लावला होता, डोळे तेवढे दिसत होते, आणि ते फळीवर खिळले होते.

तीन वर्षांत माझ्या हातातल्या वस्तूचं दुसरं टोक कुणी धरलं नव्हतं. मला हे शब्दांत तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त डोळे भरून आले, आणि भुसा गेला असं दाखवत मी ते बाहीनं पुसले.

फळी सरळ चिरली गेली होती. मिस्त्रींनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग मशीन बंद करून त्यांनी मला विचारलं, "बाई, बारक्या कामाला तुमी एकट्या बास हायत. पर फळी चिरायची म्हटली तर मागं माणूस पायजे. तुमच्याकडं कोण हाय?"

"आहे एक बाई," मी म्हणाले. "शेजारची."

मी खोटं बोलले. का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणी नाही, हे म्हणायची लाज वाटली असावी. बायकोला बरं वाटलं. ती म्हणाली, "मग झालं. तिला सांगा, ओढू नको, नुसतं धर." मी सांगते म्हणाले. मिस्त्रींनी किंमत सांगितली, ती रास्त होती. शिवाय म्हणाले, "गंगाखेडचा भंगारवाला मागं लागलाय. वजनावर न्यायलाय. त्याला म्या आठ दिवस थांब म्हटलंय. तुमचं काय ते कळवा."

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. कापूस वेचून झालेली रानं, पऱ्हाट्या तशाच उभ्या. मी त्या शेजारच्या बाईचा विचार करत होते. ती कशी असेल, किती वाजता येईल, तिला चहा कसा लागत असेल. गोदावरीचा पूल मागे पडेपर्यंत मी तिचं सगळं ठरवलं होतं. मग माझं मलाच विचित्र वाटलं आणि मी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर चार दिवस गेले. घेऊ नये असंच मन म्हणत होतं. माणूस लागणारं यंत्र एकटीनं घेणं म्हणजे मूर्खपणा. पोळपाट हातानं होतात की. मनगट दुखतं तर कमी करावेत. सगळे मुद्दे एकाच बाजूला होते आणि उलट बाजू घ्यायला दादा नव्हता. म्हणून ती मीच घेतली. शेडमध्ये स्टुलावर बसून मोठ्यानं म्हणाले, "मग कर की कमी. आणि बाकीचा दिवस काय करशील?" आणि दुसरी एक गोष्ट होती. ते चकाकणारं टेबल, चार महिने रोज कुणीतरी तेल लावलेलं, ते भंगाराच्या काट्यावर चढणार, आणि कारण काय, तर मागे उभं राहायला माणूस नाही. ते मला सहन होईना. सहाव्या दिवशी मी फोन केला. म्हणाले, "मिस्त्री, मी घेते."

टेम्पोसोबत मिस्त्री स्वतः आले. मशीन बसवून देतो म्हणाले, नाहीतर पट्टा उतरतो. चौघांनी ते उतरवलं, खडूच्या चौकोनात ठेवलं, खाली रबराचे तुकडे देऊन पातळी साधली. टेम्पोवाले गावात जेवायला गेले. मिस्त्रींनी पट्टा चढवला, ताण दिला, बोटानं वाजवून बघितला. मग हात पुसत म्हणाले, "बोलवा त्या बाईला. कसं धरायचं ते सांगतो."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला.

"मिस्त्री, तशी कुणी बाई नाही."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी शेडमध्ये चारी बाजूंनी नजर फिरवली. झाकलेलं करवतीचं टेबल, खुंट्यांना लावलेली हत्यारं, माझं एकच स्टूल. म्हणाले, "हे सगळं भावाचं?"

"हो."

"किती वर्षं झाली?"

"तीन."

"हं." ते स्टुलावर बसले. तांब्यातलं सगळं पाणी प्याले. "मला वाटलंच हुतं. जिच्या मागं बाई हाय, ती येवढ्या लांब एकटी कशाला येईल मशीन बघायला?" मग कोपऱ्यात उभा असलेला पाइपचा तुकडा उचलून म्हणाले, "ह्याचं काय काम हाय?"

काही नव्हतं. नळ बदलला तेव्हाचा होता. मिस्त्रींनी दोन अडीच तास बसून दादाच्या साठवलेल्या लाकडातून एक उंच घोडी केली. वर आडवा तो पाइप, मोकळा फिरणारा, दोन बाजूंना खाचेत बसवलेला. मशीनच्या मागे ठेवून टेबलाशी उंची जुळवली. फळी ढकलली की तिचं टोक पाइपवर चढतं, पाइप फिरतो, फळी पुढे जाते. मी दोनदा करून बघितलं. चाललं.

"हिच्यावर भरवसा ठेवा," मिस्त्री म्हणाले. "फकस्त एक हाय. तुमचं ध्यान हुकलं तर ही सांगणार न्हाई. मन थाऱ्यावर नसलं त्या दिवशी मशीनला हात लावू नका. शपथ हाय तुमाला."

मी त्यांना जेवायला वाढलं. ते जेवले आणि टेम्पोत बसून गेले. ते गेल्यावर मी बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अंघोळ, नाश्ता, सगळं आवरून, मन थाऱ्यावर आहे याची खात्री करून घेऊन पहिला पोळपाट कापला. आठ मिनिटं लागली. कानशीचं काम अर्ध्या तासाचं. मनगट दुखलं नाही. मला आनंद झाला, आणि तो झाल्यावर काय करायचं ते सुचेना. पोळपाट हातात घेऊन मी घरभर हिंडले. शेवटी ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

नंतर बरेच झाले. शिसवीचा एक फार देखणा झाला, काळपट रेषा मधोमध आलेल्या. तो मी मिस्त्रींच्या बायकोसाठी ठेवला. संक्रांतीच्या सुमाराला तोच टेम्पोवाला गंगाखेडकडे भाडं घेऊन जात होता, त्याच्याकडे दिला. तो संध्याकाळी परत घेऊन आला. म्हणाला, "बाई, घराला कुलूप हाय. पुण्याला गेलेत लेकाकडं, दोघं बी. कधी येतेत कुणाला ठाव न्हाई." मिस्त्रींचा नंबर लावून बघितला. तो बंद येत होता. पुढेही दोन-तीनदा लावला. पोळपाट फडताळात कापडात गुंडाळून ठेवलाय.

एवढ्यात शेजारच्या घरात नवे भाडेकरू आले. नवरा मार्केटमध्ये हमालांचा मुकादम, बायको बाळंतीण, महिन्याची मुलगी. आल्यापासून आठव्या दिवशी ती बाई बाळाला खांद्यावर घेऊन माझ्या दारात आली. कोमेजलेला चेहरा. म्हणाली, "मावशी, तुमचं ते मशीन लागलं की ही दचकून उठायलीय. थोडं मागंपुढं करता येईल का?" मी म्हणाले, ती झोपली की मला सांगत जा, मी बंद ठेवीन. ती म्हणाली, सारखं यायला जमणार नाही. मग आमच्यात असं ठरलं की बाळ झोपलं की तिनं मधल्या भिंतीच्या पत्र्यावर दोनदा वाजवायचं, आणि उठलं की एकदा.

आता दिवस त्याप्रमाणे चालतो. दोनदा वाजलं की मी मशीन थांबवते. कधी गोल अर्धवट असतो, पट्टा लाकडातच राहतो. रंधा किंवा कानस घेतली तरी चालेल, त्यांचा आवाज होत नाही. पण बहुतेक वेळा मी काहीच घेत नाही. स्टुलावर बसते. बाहेर दाण्यांवर आलेल्या चिमण्या बघते. बाळ शहाणं आहे, दुपारचं दोन-दोन तास झोपतं. मी पत्र्याकडे कान देऊन, पलीकडून एकदा वाजण्याची वाट बघत बसून असते.